वाघाचा फोटो छापता, मग तो कसा काढला तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पानावर वाचकांनी काढलेले वाघांचे फोटो येतात ते आमच्याकडे सगळे आवडीने बघतात, पण हल्ली बरेचसे फोटो एकाच छापाचे असतात, वाघ समोरून चालत येतोय आणि अख्खी फ्रेम त्यानेच भरलीय. असा हेड-ऑन शॉट मिळवायला बऱ्याचदा जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, वाघाच्या पुढे रिव्हर्समध्ये पळवत राहतात आणि मागून बाकीच्या जिप्स्या येतच असतात, म्हणजे वाघ मधल्यामधे अडकतो.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना गाड्यांनी असंच दोन्हीकडून अडवलं होतं. व्हिडिओ व्हायरल झाला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईड निलंबित झाले. त्यांची चूक होतीच, पण "भाऊ अजून थोडी पुढे घे ना" म्हणणारा मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसलेला असतो आणि टीपही तोच देतो, त्याचं काय?

विदर्भातल्याच एका व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यातल्या जंगलात, मी स्वतः बघितलंय, वाघीण रस्ता क्रॉस करायला निघाली, एक पिल्लू अजून पलीकडे बांबूत होतं, आणि एका फोटो टूरवाल्याने गाडी बरोब्बर मधे घातली. वाघिणीने कान मागे पाडले, शेपटी आपटली, हळूच गुरगुरली आणि पिल्लाला तिकडेच ठेवून मागे फिरली. गाडीतले सगळे खूश, कारण दात दिसले.

आणि गंमत बघा, वाघ नेमका कुठला ते ओळखायला हा समोरचा फोटो फारसा कामाचाच नसतो. पट्टे बघायला वाघाची कूस दिसावी लागते, डावी-उजवीकडचे पट्टे वेगळे असतात म्हणून गणनेत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज आला तो अशा साध्या, बाजूने आलेल्या फोटोंच्या जोरावर. तसले फोटो तुमच्या पानावर कधी दिसत नाहीत.

लांब कशाला, आपल्या मुंबईतल्या आरे कॉलनीतल्या बिबट्याचा नयन खानोलकरांचा फोटो आठवा, २०१६ ला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत अर्बन विभागात जिंकलेला. गल्लीत नेहमी असतो तसाच उजेड पडेल असे फ्लॅश लावले, बिबट्याने फ्रेम व्यापू नये असा कॅमेरा ठेवला आणि चार महिने थांबले. बिबट्या त्याच्या वेळेने, त्याच्या वाटेने आला. असा फोटो बघताना जीव सुखावतो हो.

घरट्यांचे फोटो तर कृपया बंदच करा, फोटो क्लिअर यावा म्हणून आजूबाजूची पानं छाटतात आणि मग पिल्लं उन्हात पडतात, कावळ्यांना आयती दिसतात.

माझी विनंती एवढीच की फोटो मागवतानाच विचारा, लेन्स कुठली, अंतर साधारण किती, गाडी उभी होती का चालती, आणि ते फोटोखाली छापा. गेटचं, पाणवठ्याचं नाव मात्र छापू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते. जो ही माहिती देणार नाही त्याचा फोटो कितीही झक्कास असला तरी घेऊ नका. हे येत्या रविवारपासूनसुद्धा जमण्यासारखं आहे.

कळावे,
एक नियमित वाचक, भांडुप, मुंबई