बनियनला मोबाइल नंबर कशाला?

महोदय,

गेल्या आठवड्यात मिरजेत एका मोठ्या दुकानात दोन बनियन घेतले. रोख पैसे पुढे केले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, नंबर सांगा.’ म्हटलं, कशाला? ‘त्याशिवाय बिलच निघत नाही.’ मागे रांग खोळंबलेली. मुकाट्याने सांगितला. संध्याकाळी सेलचे मेसेज सुरू, दुसऱ्या दिवशी कर्ज हवंय का म्हणून फोन! तो तिथूनच आला असं शपथेवर सांगणार नाही, पण संशय येतोच.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. पूर्ण तिकिटाला कधी कुणाचं नाव विचारलं नाही, गाडी काही अडली नाही.

नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये वैयक्तिक विदा (म्हणजे आपली खासगी माहिती, डेटा) संरक्षणाचा कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे दीड वर्षाची मुदत. दंड म्हणे २५० कोटींपर्यंत! त्या मुलीला यातलं काय ठाऊक असणार? तिच्या पडद्यावरचा तो चौकोन रिकामा सोडताच येत नाही. तो तसा कुणी बनवून घेतला, हे मालकाला विचारायला हवं. बिलाच्या यंत्रातच ‘ग्राहक नंबर देत नाही’ असं बटण सक्तीचं करा, बाकी राहू दे.

आमची ही मात्र हुशार. दुकानात बिनदिक्कत माझाच नंबर सांगते.

— एक निवृत्त एसटी वाहक, मिरज