तक्रार: वाफेचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय: वायरलेस कंट्रोलमुळे पल्प युनिटचे झालेले नुकसान

महोदय,

आमचे रत्नागिरीला हापूसच्या पल्पचे छोटे युनिट आहे. खाऱ्या हवेने केबलचे जोड गंजतात, त्यातून वाचलेली केबल उंदीर कुरतडतात. म्हणून तुमच्या विक्री प्रतिनिधीच्या शब्दावर यंदा तिन्ही केटलचे (वाफेवर रस तापवायच्या मोठ्या भांड्यांचे) कंट्रोल वायरलेसवर घेतले.

मे महिन्यात, ऐन हंगामात, जेवणाच्या सुट्टीत दोन नंबरच्या केटलचा वाफेचा व्हॉल्व्ह बंदच झाला नाही. स्क्रीनवर ८२ अंश दिसत होते, म्हणून ऑपरेटर निवांत. करपल्याचा वास आला तसा मी धावलो आणि हाताने वाफ तोडली. रस तळाला तांबूस होऊन धरला होता, वर चटाचट बुडबुडे फुटत होते. पल्प राहिला बाजूला, आटवलेला आंबा झाला, तोही करपलेला. २०० किलो माल ओतून दिला. स्क्रीनवर तेव्हाही ८२च!

तुमचे इंजिनिअर म्हणाले, पावसाळी हवेमुळे झाले असेल. त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आणि असता पाऊस, तरी शेडमधल्या शेडमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलचे तो काय बिघडवणार? मग म्हणाले, रेंज फुल आहे, हुकूम व्हॉल्व्हपर्यंत पोचायला सरासरी २० मिलिसेकंद लागतात. साहेब, सरासरीवर केटल चालत नाही. सुट्टीत सगळ्यांचे मोबाईल आणि हॉटस्पॉट सुरू झाले की जास्तीत जास्त किती उशीर होतो, एवढेच विचारले. उत्तर मिळाले नाही.

कंट्रोलचा डबा उघडला तर आत साधे वाय-फाय. ते आधी कानोसा घेते, हवा मोकळी दिसली तरच बोलते. गर्दीत किती ताटकळेल याची हमी नाही. कोटेशनमध्ये मात्र ‘इंडस्ट्रियल वायरलेस’ लिहिले आहे. वायरलेसहार्ट या कारखान्यांसाठीच्या वायरलेस पद्धतीत बोलायला १० मिलिसेकंदांचे ठरलेले स्लॉट असतात, चॅनल सतत बदलते. तसले काही यात नाही.

त्याहून मोठी चूक प्रोग्रॅमची. संपर्क तुटताच व्हॉल्व्ह आपोआप मिटायला हवा होता. तुमच्या प्रोग्रॅमने शेवटचा हुकूम धरून ठेवला, म्हणजे उघडाच, आणि जुना आकडा ताजा म्हणून दाखवला. जवळ कोणी उभे असते तर?

तिन्ही व्हॉल्व्ह तुमच्या खर्चाने केबलवर घ्या, संपर्क तुटल्यास वाफ बंद होईल असे करा, आणि मालाची भरपाई द्या. टाकीची पातळी आणि शीतगृहाचे तापमान वायरलेसवर राहू दे, तिथे मिनिटभर उशीर चालतो. काम होईपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता मिळणार नाही.

माणूस १५ दिवसांत पाठवा. दोन नंबरची केटल अजून घासून निघालेली नाही, त्याला दाखवतो.

आपला,
युनिटचालक, रत्नागिरी