सूचना : रविवारचा टीएसडी रॅलीचा सराव

सभासद मित्रहो,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला नेहमीच्या पेट्रोल पंपापाशी जमायचं आहे. टाकी भरलेली, टायरमधली हवा तपासलेली आणि स्टेपनी जागेवर हवी. (मागच्या वेळी एका गाडीत जॅकच नव्हता. नाव घेत नाही.)

नव्यांचा नेहमीचा प्रश्न: "माझी साधी अल्टो आहे, चालेल का?" चालेल की! टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे वेगाला नाही, अचूकपणाला गुण. सरासरी ताशी ३० किलोमीटर दिली असेल तर १२ किलोमीटरवरचं ठाणं (वेळ नोंदवायची जागा) बरोबर २४ मिनिटांनी गाठायचं. लवकर पोचलात तरी दंड! म्हणून खरी कसोटी शेजारी बसणाऱ्या नॅव्हिगेटरची. रोडबुकातली (म्हणजे वाट सांगणाऱ्या वहीतली) वळणांची चित्रं म्हणजे 'ट्यूलिप'. हे नाव नेदरलँड्समधल्या ट्यूलिप रॅलीवरून पडलं. ही चित्रं वाचायला अर्ध्या तासात जमतात. नवराबायकोंनी एका गाडीत बसायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बंद रस्त्यावरची, वेगाची स्टेज रॅली मात्र वेगळं प्रकरण. तिथे रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा), हेल्मेट, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट्स महासंघाचा परवाना, सगळंच लागतं आणि खर्चही तसाच. पुण्याचे रॅलीपटू संजय टकले डकार क्लासिकपर्यंत (प्रसिद्ध डकार रॅलीच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेपर्यंत) पोचले, हे खरं. आपण आधी २४ मिनिटांचं गणित जमवू.

रस्ता वाहता आहे. वेगमर्यादा मोडणारी गाडी त्या दिवशी बाद. ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर दोघांची नावं शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका.

– सचिव