बकेटच्या हद्दी दुरुस्त करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते नको होतं. पण घरून इथेरियम या ब्लॉकचेनचे व्हॅलिडेटर (नवे ब्लॉक तपासून त्यांना मत देणारे प्रोग्रॅम) चालवणाऱ्या मराठी मंडळींचा सामाईक डॅशबोर्ड आज जे दाखवतो त्यावर विसंबता येतं, ते तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आधी आभार त्या एका ओळीच्या दुरुस्तीचे. इथेरियमचा स्लॉट, म्हणजे एका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ, 12 सेकंदांचा असतो. स्लॉट सुरू झाल्यापासून 4 सेकंदांत ब्लॉक नोडपर्यंत (नेटवर्कला जोडलेल्या आपल्या मशीनपर्यंत) पोचला नाही, तर व्हॅलिडेटर आधीच्या ब्लॉकला मत देऊन मोकळा होतो. उशिरा आलेला ब्लॉक पुढे साखळीत टिकला, की ते हेड-मत (साखळीचं टोक कोणतं याचं मत) चुकीचं ठरतं. तेव्हा मोजायचं ते एवढंच, 4 सेकंदांच्या अलीकडे किती ब्लॉक आले आणि पलीकडे किती. डॅशबोर्डमध्ये मात्र आकडे गोळा करणाऱ्या प्रोमेथियसच्या लायब्ररीतल्या तयार बकेट (वेळेचे कप्पे) तशाच होत्या, सेकंदांत: 1, 2.5, 5, 10. अडीच आणि पाचच्या मध्ये ब्लॉक नेमके कुठे पडले हे कप्प्यांनुसार मोजणाऱ्या त्या हिस्टोग्रामला कळत नाही. ते सगळीकडे सारखे पसरलेत असं धरून तो आकडा काढतो. 3.2 सेकंदांना आलेला ब्लॉक आणि 4.8 ला आलेला, दोन्ही एकाच पोत्यात! तुम्ही हद्दी बदलून दिल्यात: 1, 2, 3, 3.5, 4, 4.5, 6, 8, 12. शिवाय मेट्रिकला (मोजल्या जाणाऱ्या आकड्याला) नवं नाव द्यायला लावलंत, हे त्याहून मोलाचं. जुन्या मालिकेत 4 ची हद्दच नाही, त्यामुळे दोन्ही एका क्वेरीत मिसळल्या असत्या तर बेरीज चुकली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

घड्याळाची तुमची खूण आता सगळ्यांना पाठ आहे. बीकन चेनचा, म्हणजे व्हॅलिडेटर चालवतात त्या इथेरियमच्या साखळीचा, पहिला स्लॉट 1 डिसेंबर 2020 ला आपल्या वेळेनुसार संध्याकाळी 5 वाजून 30 मिनिटं 23 सेकंदांनी सुरू झाला. मिनिटाचे 60 सेकंद 12 ने पूर्ण भागले जातात, म्हणून आजही प्रत्येक स्लॉट मिनिटाच्या 11, 23, 35, 47 किंवा 59 व्या सेकंदालाच सुरू होतो. ब्लॉक पोचायला लागलेला वेळ कुठे उणे दिसला, तर नेटवर्क जलद झालेलं नसतं, त्या मशीनचं घड्याळ मागे पडलेलं असतं. घड्याळ पुढे पळत असेल तर उलट, वेळेवर आलेले ब्लॉकही उशिराचे दिसतात. ऑगस्ट 2020 मध्ये मेडाला टेस्टनेट (चाचणीचं नेटवर्क) चुकीच्या वेळेमुळेच विस्कटलं होतं. आता क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) आणि नोड एक्सपोर्टर (मशीनचे आकडे प्रोमेथियसला देणारा) यांनी दिलेला घड्याळातला फरक हेच डॅशबोर्डचं पहिलं पॅनेल आहे. तो फरक 50 मिलिसेकंदांच्या वर गेला, की त्या नोडचे आकडे सरासरीत धरले जात नाहीत.

प्रोमेथियस दर 15 सेकंदांनी हेड-स्लॉट (सर्वांत नव्या ब्लॉकचा स्लॉट) विचारत होता. मिनिटात स्लॉट पाच आणि विचारणा चार, म्हणजे एक स्लॉट कायमचा निसटणार. तुमच्या सांगण्यावरून ब्लॉकची मोजणी बीकन एपीआयच्या इव्हेंट स्ट्रीमवर (नोड जे घडेल ते स्वतःच कळवतो त्या प्रवाहावर) गेली. तिथली गोम अशी, की जोडणी तुटली तर मधले इव्हेंट परत मिळत नाहीत. म्हणून जोडणी पुन्हा लागताच शेवटच्या नोंदवलेल्या स्लॉटपासून एकेक हेडर (ब्लॉकची थोडक्यात माहिती) मागवून भरून काढायचे. नोड पूर्ण सिंक झालेला असताना 404 ('सापडलं नाही') आला तर स्लॉट रिकामा आहे, तीही नोंदच. नोड अजून सिंक होत असेल (मागची साखळी उतरवून घेत असेल), तर काहीही न लिहिता थांबायचं. या दोन स्थितींची गल्लत झाली, तर नोड सिंक होत असतानाचा काळ सगळ्या नेटवर्कचा खंड म्हणून आलेखात उमटतो. नोंदींच्या टेबलची किल्लीही (प्रत्येक नोंदीची ओळख) आता स्लॉटऐवजी ब्लॉक रूट, म्हणजे ब्लॉकच्या मजकुरावरून निघणारी खूण, आहे. रीऑर्ग झाला, म्हणजे साखळीचं टोक बदललं, की मागे पडलेला ब्लॉक पुसला जात नाही, तो मुख्य साखळीत नाही एवढी खूण बदलते.

व्हॅलिडेटरचा क्रमांक प्रोमेथियसच्या लेबलमध्ये घालू नका, हे तुम्ही वेळेत बजावलंत. 2024 मध्ये सक्रिय व्हॅलिडेटर दहा लाखांच्या वर गेले. दर क्रमांकाची एक वेगळी मालिका बनते आणि एवढ्या मालिका मेमरी खाऊन टाकतात. क्रमांकवार हिशेब पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणि प्रोमेथियसकडे फक्त बेरजा, अशी वाटणी झाली.

फायनॅलिटीचं (ब्लॉक कायमचे पक्के होण्याचं) पॅनेल वेगळं ठेवण्याचा तुमचा आग्रह किती रास्त होता, हे 11 आणि 12 मे 2023 च्या नोंदी पाहिल्या की पटतं. त्या दोन्ही दिवशी ब्लॉक येत होते, पण मतं दोन-तृतीयांशाच्या खाली घसरली आणि फायनॅलिटी अडली. नुसता हेड-स्लॉट पाहणारा डॅशबोर्ड तेव्हाही हिरवाच राहिला असता. एरवी फायनल इपॉक (इपॉक म्हणजे 32 स्लॉट) चालू इपॉकच्या दोनने मागे असतो. आता तीनच्या पुढे अंतर गेलं की अलर्ट येतो, म्हणजे इनअ‍ॅक्टिव्हिटी लीक (गैरहजर व्हॅलिडेटरची ठेव हळूहळू कापणं) लागू होण्याआधी हातात थोडा वेळ उरतो.

अलर्टच्या मजकुराबद्दल तर किती आभार मानावेत! एक अटेस्टेशन (व्हॅलिडेटरचं मत) चुकलं म्हणून कुणाची झोप मोडू नये, सलग तीन चुकली तरच फोन वाजावा, हे तुमचं. वीज गेली की नोड आणि त्याच्यावर नजर ठेवणारं मशीन एकदमच बंद पडतं आणि सांगायला कुणी उरत नाही. म्हणून दर मिनिटाला 'मी जागा आहे' असा निरोप बाहेरच्या सर्व्हरवर जावा आणि तो थांबला की तिथूनच फोन यावा, हेही तुमचंच. आणि प्रत्येक अलर्टच्या खाली तुम्ही घातलेली ती ओळ: 'घाबरून त्याच किल्ल्या दुसऱ्या मशीनवर चालू करू नका. अटेस्टेशन चुकल्याचा दंड किरकोळ असतो, दुहेरी मताचं स्लॅशिंग भरून निघत नाही.' (स्लॅशिंग म्हणजे एकाच व्हॅलिडेटरने दोन वेगळी मतं दिली की त्याची ठेव कापून त्याला बाहेर काढणं.) रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत अलर्ट उघडणाऱ्या माणसाला नेमकी हीच ओळ हवी असते, आणि ती त्याच्या भाषेत हवी असते.

बदललेलं कॉन्फिगरेशन सगळ्यांसाठी ठेवलं आहे. तुमच्या नोडवर तेच घ्या. 3.5 ते 4 सेकंदांची पट्टी आता वेगळ्या रंगात दिसते, तुम्ही सुचवली होती तशी.

तुमचे,
डॅशबोर्ड सांभाळणारे आम्ही सगळे