ठरले 5,499, घेतले 9,852: घर सोडतानाच्या साफसफाईच्या दराबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तसेच दर ठरवणारा विभाग

विषय: दोन बीएचके ‘रिकामं घर’ पॅकेजचा काम अर्ध्यावर असताना वाढवलेला दर, करावर लावलेला कर आणि न दिलेलं बिल

तुमच्या कस्टमर केअरमधल्या, स्वतःला सिनिअर म्हणवणाऱ्या माणसाने आत्ताच माझा फोन कट केला. त्यामुळे आता जे काही आहे ते लेखी. बुकिंगचा नंबर, घराचे फोटो, तक्रारीचा नंबर सगळं तुमच्या सिस्टिमवर आहे. पॅकेजमध्ये काय येतं हेही मी तुम्हाला सांगायला नको, ते तुम्हीच लिहिलेलं आहे.

ॲपवर बुकिंग केलं तेव्हा रक्कम दिसत होती 5,499 रुपये, खाली लिहिलं होतं ‘सर्व करांसह’. तुमची माणसं मी सोडत असलेल्या त्रिमूर्तीनगरच्या भाड्याच्या घरातून निघाली तेव्हा माझ्याकडून गेले होते 9,852. मधल्या 4,353 रुपयांचा हिशेब तुमच्यापैकी एकानेही मला नीट दिलेला नाही, म्हणून तो मीच मांडते.

आधी क्षेत्रफळ. तुमचं पॅकेज 900 चौरस फुटांपर्यंत. टीम लीडरने माझा भाडेकरार मागितला, त्यात 1,050 लिहिलंय म्हणाला आणि वरच्या 150 फुटांचे सात रुपयांप्रमाणे 1,050 रुपये लावून मोकळा झाला. ते 1,050 फूट सुपर बिल्ट-अप आहेत. त्यात जिना आहे, खालची लॉबी आहे, लिफ्टची जागा आहे. यातलं काय पुसलं तुमच्या माणसांनी? घराचा कार्पेट एरिया 720 आहे आणि तो करारात त्याच ओळीत लिहिलेला आहे. 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात कार्पेट एरिया म्हणजे काय ते स्पष्ट दिलंय: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून आतली वापरायची जागा, घरातल्या मधल्या भिंती धरून. साफसफाईचं माप धरायचं तर हेच धरायला हवं, कारण पोछा इथेच फिरतो.

त्यावर दोन बाल्कन्यांचे 350 प्रमाणे वेगळे 700. सुपर बिल्ट-अप धरता ना? मग बाल्कनी त्यात आलीच. कार्पेट धरत असाल तर बाल्कनीचे वेगळे मागा, पण मग ते 150 फूट कुठून आले? आणि दोन्ही बाल्कन्या 720 मध्ये मिळवल्या तरी आकडा 900 च्या आतच राहतो. तुम्ही एकाच घराला एकाच दिवशी दोन मापं लावली, आणि दोन्ही वेळा तुमच्या फायद्याची.

मग ‘हार्ड वॉटर स्टेन’, दोन बाथरूमचे 800. हा आयटम ज्याने रेट कार्डात घातला त्याला माझा प्रश्न आहे की आपण नागपुरात धंदा करतो हे त्याला माहीत आहे की नाही. इथे ज्या बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे तिथे नळाच्या बुडाशी, शॉवरच्या जाळीत, फरशीच्या सांध्यांत पांढरे थर बसणारच. कूलरच्या खिडकीखालच्या भिंतीवर तसेच ओघळ असणार. उन्हाळाभर कूलर चालतो, टाकीत तेच पाणी, ताट्यांवर तोच क्षार. हे घरोघरी आहे. घर सोडताना बाथरूम साफ करणं म्हणजे मुख्यतः हा थर काढणंच असतं. तो थर वेगळा काढला, तर ‘बाथरूम क्लीनिंग’ म्हणून पॅकेजमध्ये उरतं तरी काय?

हे काम मी समोर उभी राहून पाहिलं आहे. तुमच्याकडून आलेल्या ताईंनी नळाच्या बुडाशी लिक्विड ओतलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग जुन्या ब्लेडच्या कडेने पांढरी खपली हलक्या हाताने सुटी केली. स्टीलला ओरखडा जाऊ नये म्हणून ब्लेड आडवी धरत होत्या. नंतर टूथब्रशने गोल गोल घासलं, पाणी मारलं, आणि खालची कड नव्यासारखी निघाली. काम उत्तम झालं. त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, आणि या पत्रामुळे त्यांना काही बोलणी बसली तर मला ते अजिबात चालणार नाही. माझी तक्रार दर ठरवणाऱ्यांबद्दल आहे.

लिफ्ट बंद म्हणून तिसऱ्या मजल्याचे 300. लिफ्ट बंद आहे हे मी बुकिंगच्या रकान्यात स्वतः टाइप केलं होतं. तेव्हा तुमच्या ॲपने रक्कम बदलली नाही. माणसं मशीन घेऊन वर चढल्यावर ती बदलली.

झाले 2,850. ते 5,499 मध्ये मिळवून 8,349 केले आणि या संपूर्ण रकमेवर 18 टक्के जीएसटी लावला, 1,503 रुपये. अहो, 5,499 मध्ये कर आधीच धरलेला होता! मूळ रक्कम साधारण 4,660 आणि कर 839, अशी ती बेरीज आहे. तुम्ही करावर कर लावला. जादा 2,850 मला मान्य नाहीतच, पण वादापुरते मान्य केले तरी त्यावर कर होतो 513. मग उरलेले 990 रुपये कोणाचे? सरकारकडे गेले म्हणावं तर जीएसटी नंबर असलेलं बिल दाखवा. बिल दिलेलंच नाही. पैसे टीम लीडरच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर घेतले आणि हिशेब म्हणून व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो आला, त्यावर पेनने आकडे लिहिलेले.

आता दुसऱ्या बाजूने बघा. तीन माणसं सकाळी साडेदहाला आली, साडेचारला गेली. सहा तास, म्हणजे 18 माणूस-तास. कर वगळून ठरलेल्या दराने तासाला माणशी 259 रुपये पडत होते. घेतलेल्या रकमेने ते 464 झाले. एक माणूस वाढला नाही, एक तास वाढला नाही, एक बाटली लिक्विड जास्तीचं उघडलं नाही. मग वाढलं काय? मी त्या ताईंना विचारलं, हे वरचे पैसे तुम्हाला मिळतात का. त्या म्हणाल्या, “आमचं रोजाचं ठरलेलं राहते ताई, एक्स्ट्राचं आमाले काही माहीत नाही.” म्हणजे राबणाऱ्याला त्यातला रुपया नाही आणि देणाऱ्याला बिल नाही.

आणि हे सगळं मला केव्हा सांगितलं? सकाळी आल्या आल्या नाही. दुपारी एकच्या सुमाराला, स्वयंपाकघराच्या टाइल्सवर फेस मारून झाल्यावर, हॉलभर पाणी असताना. टीम लीडर म्हणाला, “ॲपवर दिसते तो बेस रेट राहते मॅडम. साइटवर एक्स्ट्रा लागतेच. नसन जमत तं आम्ही थांबवतो काम.” थांबवलं असतं तरी 5,499 पूर्ण भरावेच लागतील, असंही वर ऐकवलं. पाच वाजता घरमालकीण काकू चावी घ्यायला येणार होत्या. ही वेळ तुम्हाला माहीत होती, कारण तुमच्या फॉर्ममध्ये ‘हँडओव्हरची वेळ’ हा सक्तीचा रकाना आहे. मला वाटलं होतं की टीम वेळेवर यावी म्हणून तो ठेवला असेल.

आता त्या फोनबद्दल, ज्यामुळे हे पत्र लिहिते आहे. तुमच्या सिनिअर माणसाला मी वरचा सगळा हिशेब शांतपणे सांगितला. मध्ये त्याने दोनदा होल्डवर टाकलं, ते सोडून देऊ. परत आल्यावर तो हिशेबाबद्दल काहीच बोलला नाही. विचारलं, “मॅडम, घर स्वतःचं आहे का?” मी म्हटलं, नाही, भाड्याचं होतं. “डिपॉझिट किती होतं?” मला वाटलं, तक्रारीत नोंद करायची असेल. सांगितलं, चाळीस हजार. “मिळालं परत?” म्हटलं, मिळालं. तर म्हणतो, “मग झालं ना! चाळीस हजार वाचवायला चार हजार जास्त वाटतात तुम्हाला?” मी म्हटलं, डिपॉझिट माझं आहे, तुमच्या साफसफाईच्या दराशी त्याचा काय संबंध? तर, “संबंध कसा नाही मॅडम? घर क्लीन नसतं तर मालकाने कापलेच असते. भाडेकरूंचं असंच असतं, काम होईपर्यंत हो हो म्हणतात आणि चावी दिली की रिफंड मागतात.”

भाडेकरूंचं असंच असतं! मी या शहरात वर्षानुवर्षं भाड्याने राहते. भाडं एक तारखेला जातं, लाइट बिल थकलेलं नाही, सोडलेल्या प्रत्येक घरी आजही सणाला जाणं-येणं आहे. ज्या कंपनीला मी पूर्ण पैसे दिले तिच्या माणसाकडून मला हे ऐकून घ्यावं लागलं. मी त्याचं नाव विचारलं, ते सांगितलं नाही. तुमच्या वर कोण आहे विचारलं, तर “माझ्या वर कोणी नाही” म्हणाला आणि फोन बंद.

पण त्या माणसाने एक गोष्ट उघड केली. तुमचा दर फुटांवर, बाथरूमवर किंवा डागांवर ठरत नाही. समोरच्याचं किती अडलेलं आहे यावर ठरतो. ज्याच्या दारात ट्रक उभा आहे, सामान अर्धं नव्या घरी बेसाला पोचलेलं आहे, मालक पाच वाजता येणार आहे आणि डिपॉझिट त्या मालकाच्या हातात आहे, तो माणूस दुपारी एक वाजता नाही म्हणू शकत नाही. आणि हे तुम्ही मे-जूनमध्ये करता. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बदल्या याच दिवसांत होतात, निम्मं नागपूर याच दिवसांत घरं बदलतं. पंचेचाळीस डिग्रीत सामान हलवणाऱ्या माणसाला अडवून पैसे घेणं याला दर ठरवणं म्हणत नाहीत.

कायद्याने काय करायचं ते मी माहीत करून घेतलं आहे. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे ॲपवर विकणाऱ्याने सर्व सक्तीचे आकार धरून एकच एकूण रक्कम आणि तिची फोड दाखवायची असते. तक्रार आली की तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. मला पोच आलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्नबद्दलची, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 13 प्रकारांत ‘ड्रिप प्रायसिंग’ आहे: आकार आधी न दाखवणं, आणि व्यवहार पक्का झाल्यावर दाखवलेल्यापेक्षा जास्त घेणं. तुम्ही नेमकं हेच केलं आहे. आणि बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मला खरं वाईट याचं वाटतं की मीच तुमची शिफारस करत होते. दिवाळीला तुमच्याकडूनच घर साफ करून घेतलं होतं. सांगितली तेवढीच रक्कम घेतली, बिल मेलवर आलं, म्हणून मी नणंदेला आणि ऑफिसमध्ये तुमचा नंबर दिला. तेव्हाही बोअरचंच पाणी होतं, तेच नळ, तेच डाग, त्याच बाल्कन्या. तेव्हा एक्स्ट्रा कसं लागलं नाही? कारण तेव्हा मला घाई नव्हती. तुम्ही उद्या या म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी स्वस्तात काम मागत नाहीये. घर सोडतानाची सफाई अवघड असते हे मला कळतं. चिमणीवरचं तेल, स्लायडिंगच्या खाचांतली माती, लॉफ्टवरची धूळ, हे रोजच्या झाडझुडीत निघत नाही. म्हणून आधी विचारा ना. कार्पेट एरिया किती, बाथरूम किती, पाणी बोअरचं की नळाचं, कूलर किती, चिमणी आहे का, लिफ्ट चालू आहे का, मागची मोठी सफाई केव्हा झाली. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला मी तयार होते. सगळं बघून 7,000 सांगितले असते तर मी हो किंवा नाही म्हटलं असतं, आणि दुसरीकडे चौकशी करायला मला वेळ मिळाला असता. साइटवर खरंच काही वेगळं निघालं तर बादली भरायच्या आधी सांगा, लेखी सांगा, आणि ग्राहक नाही म्हणाला तर एक रुपया न घेता परत जा. फेस मारून झाल्यावर दर सांगायचा नाही.

मला 4,353 रुपये परत हवेत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. 5,499 रुपयांचं जीएसटी नंबरसह रीतसर बिल हवं. पैसे खासगी क्यूआरवर का घेतले याचं लेखी उत्तर हवं. आणि भाडेकरूंबद्दल जे बोललं गेलं त्याबद्दल त्या माणसाकडून नाही, कंपनीकडून लेखी माफी हवी. त्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल, कारण सुरुवातीला तसं ऐकवलं जातं. ते पुसू नका.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवस थांबते. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि मी राहते त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे मी कंटाळून सोडून देईन असं समजू नका. करावर लावलेल्या करासाठी जीएसटी विभागाला वेगळं पत्र जाईल. त्या कागदाचा फोटो, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि भाडेकराराचं कार्पेट एरियाचं पान सोबत जोडते आहे.

यापुढे मला फोन करू नये. जे कळवायचं ते लेखी कळवावं.

आपली ग्राहक,
त्रिमूर्तीनगर (आता बेसा), नागपूर