उताऱ्याचा अकरावा रकाना

निपाणी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दोस्ता,

"शेवटी तूही बँकेचाच माणूस निघालास," हे तुझं वाक्य चांगलंच झोंबलं. तुझ्या मेहुण्याचं ट्रॅक्टरच्या कर्जाचं प्रकरण मीच परत पाठवलं, हे खरं आहे. फोनवर दोघांचाही आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसलोय.

चार एकर बागायत तारण असताना आणखी काय हवं, असं तू विचारतोस. गड्या, जमीन हप्ता भरत नाही. कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि लिलाव निघालाच, तर भावकीतल्या माणसाची जमीन बोली लावून घ्यायला गावातला कोण पुढं येतोय?

म्हणून मी आधी बघतो की पैसा येणार कुठून आणि कधी. मेहुण्याचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याच कारखान्याची वाहतूक तो ट्रॅक्टरवर करणार. म्हणजे दोन्ही मिळकती एकाच दारात. ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, असा नियम आहे; ते कधी मिळतं, हे तुला मी सांगायला नको. शिवाय तोडणीची टोळी आणायची म्हणजे मुकादमाला उचल द्यावी लागते. ती कच्च्या चिठ्ठीवर. टोळी आलीच नाही तर? त्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ७०० च्या वर आहे, कबूल. पण मुकादमाकडं अडकलेले पैसे सिबिलला दिसत नाहीत.

यात मी स्वतः पोळलोय. २०१८ ला मी केलेली कर्जप्रकरणं एकेकटी बघितली तर स्वच्छ होती: कुणाचा ऊस, कुणाच्या म्हशी, कुणाचं खताचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगा शिवारात शिरल्या आणि कळलं की सगळी एकाच पाण्यावर उभी होती. ऊस कुजला, चारा गेला, दुकानाची उधारी बुडाली. वेगवेगळी माणसं म्हणून मी निश्चिंत होतो, तीच चूक.

त्यात आपला सीमाभाग. २०१७ ला महाराष्ट्रात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी झाली, २०१८ ला कर्नाटकात. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की ऐपत असलेलाही हात आखडतो. वेळेवर भरणारा येडा ठरतो. मला याचा राग येतो, पण माणसांना दोष तरी कसा देऊ?

आता खरी गोष्ट, घरी बोलू नकोस. मेहुण्याच्या इकडच्या कन्नड उताऱ्याचा अकरावा रकाना, जिथं जमिनीवरच्या कर्जाचा बोजा लिहितात, तो कोरा होता. मी सहज विचारलं, कागलकडं काही जमीन आहे का? मेहुणा खाली बघायला लागला. तिकडच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे. रक्कम किरकोळ आहे रे, तेवढ्यानं मी अडवलं नसतं. अर्जात लिहिली नाही, तिथं माझा हात थांबला.

त्याला पुन्हा माझ्याकडं पाठव. तिकडचा सातबारा, सोसायटीचा बाकी दाखला आणि कारखान्याशी झालेला वाहतुकीचा करार घेऊन ये म्हणावं. ट्रॅक्टर नवाच हवा असं नाही, जुना बघितला तर रक्कम निम्म्यावर येईल. हप्ते ऊसबिलाच्या महिन्यांत बांधून देतो. आणि मुकादमाला किती उचल दिलीय, ते खरं सांगायला सांग.

वहिनींना नमस्कार. तू मात्र राग असला तरी जेवायलाच ये.

तुझाच,
बँकेचा माणूस