बारानंतर गप्प झालेला लॉग

ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत रुळांवर पाणी भरलं आणि तुम्हाला अंधेरीच्या ऑफिसातच रात्र काढावी लागली. त्या रात्री कोपऱ्यातल्या टेबलावर एक पोरगा घामाघूम होऊन बसला होता. तो मी. नोकरीला तीन आठवडे झाले होते, सीनियर घाटकोपरला अडकलेला, आणि ग्राहकांचे व्यवहार मध्येच लटकत होते. तुमची टीमही वेगळी होती. तुम्ही फक्त चहाच्या मशीनकडे निघाला होतात.

मी तेव्हा काय करत होतो ते आता सांगायलाही लाज वाटते. सर्व्हर घडेल ते ओळीओळीने लिहून ठेवतो, ती नऊ जीबीची लॉग फाइल मी एडिटरमध्ये उघडायला लावली होती. सर्व्हर आधीच धापा टाकत होता, त्यात ही भर. तुम्ही मागे उभ्या राहून एवढंच म्हणालात, "अरे, आत्ता काय झालं ते बघायचंय ना? मग सकाळपासूनचं पुराण कशाला वाचतोस?"

मग 'टेल', फाइलचा शेवट दाखवणारी कमांड. नुसतं दिलं तर शेवटच्या दहा ओळी, '-एन २००' जोडलं तर दोनशे. नऊ जीबीची फाइल आणि उत्तर क्षणात! ही कमांड फाइल पहिल्यापासून वाचत बसत नाही, थेट शेवटाकडे उडी मारून तिथून मागे येत ओळी मोजते, हे तुम्ही चहा फुंकत सांगितलंत. १९७९च्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीतही ती होती, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, हे मला नंतर कळलं.

पण आभार त्याचे नाहीत. ते कुठेही वाचून कळलं असतं. आभार पुढच्या गोष्टीचे.

मी तुम्हाला फुशारकीने दुसरी खिडकी दाखवली. तिथे अकरा वाजल्यापासून 'टेल -एफ', म्हणजे नव्या ओळी येतील तशा दाखवत राहणारं टेल, चालू होतं आणि बारानंतर एकही ओळ आली नव्हती. मी म्हटलं, "ताई, इथे तर सगळं शांत आहे." तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. पावणेदोन. "व्यवहार चालू आहेत आणि लॉग गप्प? पावणेदोन तास?"

बाराच्या सुमारास लॉगरोटेटने (भरलेले लॉग आपोआप बाजूला करणाऱ्या प्रोग्रामने) जुन्या फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवली होती आणि त्याच नावाची नवी फाइल सुरू झाली होती. माझा छोटा एफ (-f) मात्र जुन्या फाइललाच चिकटून होता. मला काही उमजेना. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी आजही तसंच्या तसं पुढे सांगतो: "तू बोरिवली लोकलमध्ये बसलास, गाडी यार्डात गेली, आणि तू अजून डब्यातच बसून आहेस. फलाटावर दुसरी बोरिवली लागलीये. मोठा एफ दे. तो डबा धरत नाही, इंडिकेटरवरचं नाव धरतो."

मोठा एफ (-F) दिला आणि पडदा ओळींनी वाहू लागला. डेटाबेसच्या जोडण्या संपल्याची तक्रार, दर सेकंदाला चार-पाच वेळा. दोन तास सर्व्हर ओरडत होता आणि मी भलत्याच दाराला कान लावून बसलो होतो.

चालू कमांड थांबवणारं कंट्रोल-सी दाबायलाही मी घाबरत होतो, आठवतंय? मला वाटायचं, त्याने सेवाच बंद पडेल. तुम्ही हसला नाहीत, आणि माझ्या दृष्टीने ते फार मोठं होतं. "बंद होतं ते आपलं बघणं, त्याचं लिहिणं नाही," म्हणालात, आणि मग फाइल वर-खाली सरकवत वाचू देणारी 'लेस' कमांड '+एफ' लावून दाखवलीत: कंट्रोल-सीने थांबायचं, वर जाऊन शोधायचं, मोठा एफ दाबून पुन्हा वाहत्या लॉगवर यायचं. हव्या त्या शब्दाच्या ओळी वेचून देणारे दोन ग्रेप एकापुढे एक लावले की ओळी अडून का राहतात, तेही त्याच रात्री कळलं. पहिला ग्रेप ओळी साठवून गठ्ठ्याने पुढे ढकलतो, म्हणून त्याला '--लाइन-बफर्ड' सांगावं लागतं. कीबोर्डला मात्र तुम्ही एकदाही हात लावला नाहीत. माझ्या चुका बघत उभं राहणं तुम्हाला जड गेलं असणार!

जोडण्या परत न करणारी प्रक्रिया सापडली, तिला पुन्हा सुरू केलं, साडेतीनला तक्रारी थांबल्या. सकाळच्या हँडओव्हरमध्ये काय लिहायचं यावर मी अडलो, तर तुम्ही सांगितलंत, "लॉग रोटेट झाला होता, नजर जुन्या फाइलवर राहिली, असं लिही. खरं तेच आहे." तसंच लिहिलं. कोणी मला काही बोललं नाही.

गाड्या सुरू झाल्याचं कळताच तुम्ही चपला हातात घेऊन निघालात. मी तेव्हा टेबलावर डोकं ठेवून झोपलो होतो. पुढच्या महिन्यात तुमची बदली पुण्याला झाली, म्हणून हे पत्र.

परवा नवीन आलेली मुलगी म्हणाली, "दादा, लॉग एकदम शांत आहे." मी आधी विचारलं, "एफ छोटा की मोठा?"

तुमचा,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा